कल्याणला शांत, घोडबंदरला खडखड

"लाजू नका सर. तोंडाने आवाज काढून दाखवा."

लिमये काउंटरपलीकडे उभे होते. आयटीतली नोकरी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. मागे सोफ्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेली. एवढ्या लोकांसमोर तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा म्हणजे त्यांना शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. म्हणाले, रेकॉर्डिंग आणलंय.

रेकॉर्डिंगचा मला काही उपयोग नसतो. मोबाइल माणसाचा आवाज ठेवतो आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकतो. आम्हाला नेमका तो गोंगाटच हवा असतो. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि हळूच आवाज काढला, "खर्रर्र... टकटकटकटक... आणि मग गप."

सोफ्यावरचं एक गिऱ्हाईक हसलं. मी हसले नाही. हाच आवाज मी महिन्याभरात दुसऱ्यांदा ऐकत होते. माणूस तोच, गाडी तीच.

मी ठाण्यातल्या कोलशेतच्या एका टू-व्हीलर वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायजर आहे. म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्या मधली खुर्ची. गिऱ्हाईक जे सांगतं ते ऐकायचं आणि मेकॅनिकला कळेल असं जॉब कार्डवर लिहायचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक शास्त्र तयार झालंय. कुईकुई म्हणजे ब्रेक. खळखळ म्हणजे मागची चेन ढिली. घरघर म्हणजे बेअरिंग. 'काहीतरी वेगळंच वाटतंय' म्हणजे गिऱ्हाइकाने काल शेजाऱ्याची नवीन गाडी चालवलेली असते.

सकाळी स्टार्ट करताच खडखड आणि थोड्या वेळाने गप, हा मात्र चेष्टेचा आवाज नाही. तो कॅम चेन टेन्शनरचा असतो.

हे प्रकरण सोपं करून सांगते. इंजिनाच्या आत एक चेन असते. मागच्या चाकाला असते ती नव्हे, ही आतली, बाहेरून न दिसणारी. खालचा दांडा फिरला की ही चेन वरचा दांडा फिरवते आणि वरचा दांडा इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वेळेवर उघडतो आणि मिटतो. सगळा खेळ वेळेचा. ही चेन ढिली पडू नये म्हणून एक बोटाएवढा दट्ट्या तिला बाजूने दाबून धरते. तो टेन्शनर. लिमयांच्या गाडीत तो इंजिनातल्या ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन चालू असलं की ऑइल त्याला ढकलतं, चेन ताठ राहते. टेन्शनरने काम सोडलं की चेन आतल्या आत फटके मारते. एखाद्या दिवशी ती वरच्या दांड्यावरच्या दातेरी चाकाचा दात सोडून पुढे उडी मारते. मग व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडा राहतो, खालून पिस्टन येऊन त्यावर आदळतो आणि इंजिनाचा चिवडा होतो. चालत्या गाडीत, घोडबंदर रोडवर, मागे कंटेनर असताना असं झालं तर इंजिनाचं सोडाच.

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या तोंडाला लिमयांनी गाडी मोठ्या सर्व्हिसला दिली. त्यात टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, होतं आणि या इंजिनात त्यासाठी टेन्शनर काढून परत बसवावा लागतो. ते काम भोईरने केलं. त्याच आठवड्यात खडखड सुरू झाली. लिमये आले, आम्ही वॉरंटीत नवीन टेन्शनर टाकला. तोही भोईरनेच. शुक्रवारी संध्याकाळी गाडी नेली, सोमवारपर्यंत छान, मंगळवारपासून पुन्हा खडखड. आता ते तिसऱ्यांदा काउंटरला उभे होते आणि येण्याआधी त्यांनी नेटवर आमच्या वर्कशॉपला एक स्टार देऊन ठेवला होता. 'मेकॅनिकला काम येत नाही किंवा पार्ट डुप्लिकेट आहे.' शिवी नाही, काही नाही. सभ्य माणसाचा राग जास्त लागतो.

भोईर आमचा सीनियर मेकॅनिक. डोंबिवलीजवळच्या गावातला. घरची शेती वडिलांच्या वेळीच गेली, आता तिथे टॉवर उभे आहेत. बोलायला तुसडा. गिऱ्हाइकाने नमस्कार केला तर हातातला पाना दाखवतो, म्हणजे हात घाण आहेत असं समजायचं. पण इतक्या वर्षांत न केलेलं काम त्याने माझ्या जॉब कार्डवर कधी 'केलं' म्हणून लिहिलेलं नाही. हे मी कुणाहीबद्दल सहज म्हणत नाही.

त्या दिवशी आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतली. थंड इंजिन सकाळी स्टार्ट करून आवाज स्वतः ऐकायचा, असा बेत. सकाळी मी, भोईर आणि आमचे मालक सामंत सर गाडीभोवती उभे राहिलो. भोईरने बटण दाबलं. इंजिन असं गुळगुळीत चालू झालं की जणू आम्हीच गाडीवर आळ घेतला होता. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. टकचा ट नाही.

सामंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सामंत सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मेकॅनिक ओरिजिनल पार्ट बाहेर विकायचा आणि कल्याणच्या होलसेल मार्केटमधून डुप्लिकेट आणून गाड्यांना लावायचा. सरांना ते कळेपर्यंत वर्कशॉपचं नाव गेलं होतं. तेव्हापासून ते ताक सुद्धा फुंकतात.

त्यांचा हिशेब सरळ होता. नवा टेन्शनर आठवड्यात जात नाही. गेला, तर एक तो नवा नव्हता, नाहीतर नीट बसवला नव्हता. दोन्हीकडून भोईर. आणि आता गाडी इथे दोन दिवस शांत आहे, याचा अर्थ भोईरने गुपचूप खरा पार्ट परत लावला. शिवाय त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी भोईरला शनिवारी कल्याणला स्पेअरच्या दुकानात पाहिलं होतं.

मी म्हणाले, "सर, त्याची स्वतःची गाडी वीस वर्षं जुनी आहे. तिचे पार्ट दुसरीकडे मिळत तरी नाहीत."

"असेल. पण मॅडम, मी परत ते सगळं सहन करणार नाही. शनिवारी त्याला सांगून टाकतो."

"काय सांगणार?"

"की उद्यापासून येऊ नको."

नोकरी जाणं हे आमच्या धंद्यात फार मोठं नाही. चांगला मेकॅनिक सकाळी सुटला तर दुपारी दुसरीकडे लागतो. पण 'पार्ट बदलणारा' म्हणून सुटला तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याला कुणी गेटच्या आत घेणार नाही. मालकांचा मोबाइलवर ग्रुप असतो. तिथे एक ओळ पडली की माणूस संपला. पंचेचाळिशीतल्या, दुसरं काही न येणाऱ्या, तोंडाने फटकळ माणसाचं काय झालं असतं, या विचाराने मला त्या दिवशी डबा गेला नाही.

मी भोईरला गाठलं. म्हटलं, स्वतःची बाजू सांगा, सरांसमोर चला, मी येते. तो पाना पुसत राहिला.

"ताई, मी कनाला लावू डुप्लिकेट? ज्याला वाटतं त्याला वाटू दे." त्याच्या बोलीत कनाला म्हणजे कशाला.

"असं म्हणून चालणार नाही हो."

"मंग काय पाया परू? मी नाय केला म्हणजे नाय केला."

त्याच्या खरेपणाइतकाच त्याचा ताठा मला ठाऊक होता. हा माणूस निर्दोष असूनही शनिवारी डबा उचलून निघून जाईल आणि मागे वळून बघणार नाही, याची मला खात्री पटली. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. मग मी काउंटरवर येऊन बसले आणि लिमयांना फोन लावला. गाडी घेऊन जा, असं सांगायचं होतं. पण मेकॅनिककडून उत्तर मिळत नसेल तर गिऱ्हाइकाला आणखी प्रश्न विचारायचे, ही माझी जुनी सवय.

आवाज रोज येतो का? रोज सकाळी. ऑफिसमधून निघताना? नाही. पाऊस, थंडी, पेट्रोलपंप, काहीच जुळेना. मग मी विचारलं, रोज म्हणजे अगदी रोज?

ते थोडे घुटमळले. म्हणाले, "म्हणजे... कल्याणला गेलेलो असलो की नाही येत. पण ते सोडा."

"का सोडा?"

"तुम्ही हसाल."

मी म्हटलं, तुम्ही माझ्यासमोर टकटक करून दाखवलंय, आता आणखी काय राहिलं? तेव्हा त्यांनी सांगितलं. आई एकटी कल्याणला असते, जुन्या घरात. लिमये घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी ते आईकडे जातात, सोमवारी सकाळी तिथूनच ऑफिसला. आईला खडखडीचं सांगितल्यापासून ती दर शुक्रवारी मीठ-मिरच्या घेऊन गाडीची दृष्ट काढते. आणि शनिवार, रविवार, सोमवार गाडीचा हूं की चूं नाही. आईचं म्हणणं, टॉवरमधल्या लोकांची नजर लागते, ती माझ्या दारात उतरते.

आमच्या घरात दृष्टीचा विषय माझ्या आजोबांच्या पिढीतच संपला. विहारात जाणारी माणसं आम्ही, मीठ भाजीत घालतो. तरीही मी त्या माउलीला मनात हात जोडले. कारण तिने जे पाहिलं होतं ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. गाडी कल्याणला शांत असते. आमच्या वर्कशॉपमध्येही शांत असते. खडखडते ती फक्त घोडबंदरला. मग बिघाड गाडीत कशाला शोधायचा? बिघाड त्या टॉवरमध्ये होता.

लिमयांना म्हटलं, आज गाडी घेऊन जा, नेहमीच्या जागी लावा, आणि सकाळी मी येईपर्यंत स्टार्टरला बोट लावू नका. ते म्हणाले, मॅडम, इतक्या सकाळी कशाला त्रास? म्हटलं, मी कल्याणचीच आहे, तुमच्या आईच्या वतीने येते.

उजाडता उजाडता मी स्कूटर काढली. दुर्गाडीचा पूल, कोन, कशेळी करत टॉवरला पोचले तेव्हा लिमये ट्रॅकपँटमध्ये खाली उभे होते. बाइकची पार्किंग रॅम्पवर, म्हणजे बेसमेंटला उतरणाऱ्या उताराच्या कडेला. गाड्या एका रांगेत, तोंडं चढाकडे. भिंतीवर सोसायटीचा बोर्ड, 'दुचाकी गिअरमध्येच लावाव्यात.' पूर्वी एक बाइक घसरली आणि सगळी रांग पत्त्यांसारखी कोसळली होती, म्हणून हा नियम. नियम चांगलाच. चढावर मी पण गाडी गिअरमध्येच लावते. चढाकडे तोंड आणि पहिला गिअर म्हणजे गाडीचा भार मागे येतो आणि इंजिन जरा उलटं रेटलं जातं, एवढं मनात नोंदलं. पण तेवढ्याने नवा टेन्शनर हार मानणार नाही, असं वाटलं.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला.

उन्हाळ्यात घोडबंदरच्या टॉवरना टँकरशिवाय गत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. या टॉवरची पाण्याची टाकी जमिनीखाली आणि तिचं झाकण नेमकं त्या रॅम्पच्या वरच्या टोकाला. पाइप तिथपर्यंत न्यायचा तर वरच्या गाड्या खाली सरकवाव्या लागतात. वॉचमनकाका आले, सोबत टँकरवरचा माणूस. त्यांनी एकेक स्कूटर अलगद खाली घेतली. स्कूटरला गिअर नाही, ती ऐकते. मग लिमयांची बाइक आली. ती गिअरमध्ये अडून बसलेली. काकांनी हँडल धरलं, दुसऱ्याने मागची सीट, आणि दोघांनी मिळून मागे हिसका दिला. गाडी जरा सरकली. पुन्हा हिसका. पुन्हा. प्रत्येक हिसक्याला इंजिनाच्या पोटातून बारीक 'खट्' असा आवाज आला.

गिअरमध्ये असलेली गाडी मागे ओढली की इंजिन उलटं फिरतं. बंद इंजिनात ऑइलचा दाब नसतो, म्हणजे टेन्शनरच्या पाठीशी कुणी नसतं. उलटी ओढलेली चेन त्याला सरळ आत दाबून टाकते. एकदा नव्हे, हिसक्यागणिक. मग सकाळी लिमये बटण दाबणार, ढिली चेन खडखडणार, ऑइल पोचलं की टेन्शनर बाहेर येणार आणि सगळं गप. रोज सकाळी.

काकांना विचारलं, हे किती दिवस चाललंय? ते म्हणाले, टँकर सुरू झाला तेव्हापासून. टँकर कधी सुरू झाला? लिमयांनीच उत्तर दिलं, आणि देता देता त्यांचा चेहरा बदलला. तो आमच्या सर्व्हिसचाच आठवडा होता.

"सकाळी गाडी थोडी खाली सापडायची मला," ते म्हणाले. "वाटायचं, घसरली असेल."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. आता स्टार्ट करून खडखड ऐकवतो, म्हणाले. मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी असा कधी धरत नाही. पण नुकतीच इतक्या वेळा उलटी ओढलेली गाडी होती ती. आजच चेनने दात सोडला तर? लिमयांचं इंजिन जाईल आणि त्याचं बिल पुन्हा भोईरच्याच नावावर फाडलं जाईल. गाडी अशीच्या अशी, न्यूट्रलमध्ये टाकून, टेम्पोत चढवली.

वर्कशॉपमध्ये मी सामंत सरांना हात जोडून सांगितलं, गाडी तुमच्यासमोर उघडायची. लिमये पण थांबले, ऑफिसला उशीर होतो म्हणून कळवलं. भोईरने काही न विचारता वरचं कव्हर खोललं. सगळ्यात आधी बघायच्या त्या खुणा. वरच्या दांड्याच्या चाकावर दोन रेघा असतात. त्या इंजिनाच्या कडेशी सरळ जुळल्या तर चेनने दात सोडलेला नाही. वाकड्या दिसल्या तर व्हॉल्व्हची खैर नाही.

भोईर वाकला. बॅटरीचा उजेड टाकला. खालचा दांडा पान्याने हळूहळू खुणेवर आणला. मग तो बाजूला झाला आणि लिमयांना म्हणाला, "बघा. सरळ हाय."

रेघा सरळ होत्या. चेनने आतल्या पट्टीवर घासून चरा पाडला होता, ती पट्टी बदलावी लागली. पण व्हॉल्व्ह सुखरूप होते. थोडक्यात निभावलं.

आता राहिले सामंत सर. ते म्हणाले, टँकरचं ठीक आहे, पण पार्ट खरा की खोटा हे कसं ठरणार? मी म्हटलं, सर, तुम्हीच चाक फिरवा. गाडी स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी, प्लग काढलेला. भोईरने टेन्शनरमध्ये ऑइल भरून दट्ट्या बाहेर आणला, चेन ताठ झाली. मग सगळ्यात वरचा गिअर टाकला, म्हणजे हाताने चाक फिरवलं तरी इंजिन फिरतं. सामंत सरांनी बाह्या सरसावल्या आणि मागचं चाक उलटं फिरवलं. आमच्या डोळ्यांसमोर दट्ट्या आत बसला आणि चेनला कपड्यांच्या दोरीसारखा झोळ पडला.

त्यांनी पुन्हा केलं. मग स्टोअरमधून सीलबंद डब्यातला कोरा टेन्शनर स्वतःच्या हाताने आणून लावायला सांगितला आणि चाक पुन्हा उलटं फिरवलं. कोऱ्या टेन्शनरनेही तसाच झोळ दिला. म्हणजे पार्ट खरा असला तरी उलट्या हिसक्याला तो आत जाणारच. संशय हा माणसाच्या तोंडावर दिसतो आणि उतरतो तेव्हाही दिसतो. मला वाटतं, भोईर खोटा नाही याचा आनंद सगळ्यात जास्त सरांनाच झाला असावा. दुसऱ्यांदा फसलो नाही, याचा.

मालक लोकांना माफी मागता येत नाही, ते त्यांच्या कोर्समध्ये नसतं. सर हात पुसत म्हणाले, "भोईर, चहा घेतलास का?"

"नाय."

"चल, घेऊ."

भोईर माझ्याकडे बघायला लागला. आजवर सरांनी त्याला कधी केबिनमध्ये चहाला नेलं नव्हतं. मी मानेने 'जा' म्हटलं. नाहीतर हा बाबा तिथेही 'मला नको' म्हणाला असता. शनिवारचा विषय त्या कपात विरघळला तो विरघळलाच. लिमयांनी तिथे उभ्या उभ्याच मोबाइल काढून एका स्टारचे पाच केले. मेकॅनिकच्या नावासह लिहिलं. भोईरला मी वाचून दाखवलं तर म्हणाला, नाव कनाला टाकला.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा घोडबंदरला गेले. भोईरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. वॉचमनकाका आम्हाला बघून घाबरले होते. मुरबाडकडचा साधा माणूस, त्यांना वाटलं, आता गाडीची भरपाई मागणार. मी त्यांना म्हटलं, काका, तुमची काही चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. भोईरने त्यांना गाडीजवळ नेलं, गिअरचा खटका दाखवला, गाडी जराशी हलवून न्यूट्रल कसा ओळखायचा ते शिकवलं. आधी ब्रेक धरायचा, पायाने खटका उचलायचा, मग गाडी सोडायची. काकांनी तीन-चारदा करून पाहिलं. मला कळेना की हा तुसडा माणूस इतकं गोड बोलायला शिकला कधी. लिमयांनी कुठून तरी अर्धी वीट आणली होती. गाडी लावताना ती आता मागच्या चाकाला लागते, मग गिअर. म्हणजे भार विटेवर, इंजिनावर नाही.

टँकर आला. काकांनी वीट काढली, पायाने खटका उचलला, आणि गाडी ब्रेकवर अलगद खाली आली. पाइप गेला, टाकी भरली, टँकर निघून गेला. लिमयांनी किल्ली लावली. आम्ही चौघेही वाकून उभे राहिलो.

इंजिन चालू झालं.

"आयकला का ताई?" भोईर म्हणाला.

"काय?"

"कायच नाय."

आणि मग तो हसला. मी त्याला इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. दात चांगले आहेत त्याचे.

लिमयांच्या आईला मुलाने टँकरचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल बाबा, पण दृष्ट मी काढणार, मीठ काय महाग आहे? काढू देत. त्यांचं कारण चुकलं होतं, निरीक्षण चुकलं नव्हतं. आमचं नेमकं उलटं झालं होतं. कारणं आमच्याकडे ढीगभर होती, बघितलं मात्र कुणी नव्हतं.

तेव्हापासून काउंटरवर कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की तोंडाने आवाज काढून घेतेच. पण त्याआधी विचारते, गाडी रात्री कुठे राहते आणि तिला कोण कोण हात लावतं? लोक चमकून बघतात. एक काकू तर म्हणाल्या, अगं, गाडी आहे, सून नाही. मी म्हटलं, काकू, म्हणूनच विचारतेय. गाडीला स्वतःहून सांगता येत नाही.